थिएटरातल्या सक्तीच्या न्यूजरीलबद्दल खुलासा

‘सिनेमाआधी सरकारी न्यूजरील दाखवण्याची सक्ती स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनने आणली’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे माहितीपट आणि न्यूजरील बनवणारी सरकारी संस्था, 1948 मध्ये स्थापन झाली. सक्ती त्याआधीचीच, 1943 ची, ऐन महायुद्धातली. ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळात 2000 फुटांपर्यंत मंजूर फिल्म दाखवायला लावली. म्हणजे सुमारे 22 मिनिटं! वर तिचं भाडंही थिएटरवाल्यांच्याच माथी. ‘इंडियन न्यूज परेड’ ही सरकारी न्यूजरील याच काळातली. तिला निव्वळ बातमीपट म्हणणं मला पटत नाही. काय दाखवायचं हे युद्ध लढणारं सरकारच ठरवत होतं. 1946 मध्ये ‘न्यूज परेड’ बंद पडली. फिल्म्स डिव्हिजनने पुढे चालवली ती हीच जुनी पद्धत.