तीनशेच्या आत

रात्री साडेअकराला सोसायटीच्या मीटररूममध्ये मोबाइलची बॅटरी लावून उभा असलेला माणूस एकतर चोर असतो, नाहीतर मी असतो. आमच्या वॉचमनला हे आता सवयीचं झालंय. पहिल्या रात्री मात्र त्याने काठी आपटत आत डोकावून विचारलं होतं, ‘‘साहेब, वहिनींनी बाहेर काढलं काय?’’

अजून नव्हतं काढलं. पण वेळ जवळ आली होती.

सगळं सुरू झालं मेच्या बिलापासून. गोरेगावातलं आमचं वन बीएचके, माणसं चार आणि युनिट ३८६! आयुष्यात पहिल्यांदा मी वीजबिल पूर्ण वाचलं. एरवी आपण शेवटचा आकडा बघतो, ‘बापरे’ म्हणतो आणि भरून टाकतो. त्यात स्थिर आकार असतो, म्हणजे महिनाभर कुलूप लावून गावी गेलात तरी द्यायचा तो. वहन आकार असतो, म्हणजे वीज घरापर्यंत आणून टाकल्याची हमाली. आणि वर १६ टक्के वीज शुल्क. या कशावरच माझा इलाज नव्हता. पण दराचे टप्पे दिसले. शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, तिथून पुढे ५०० पर्यंत तिसरा. मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं : तीनशेच्या आत!

दुसऱ्या दिवसापासून मी घरभर स्विच बंद करत फिरू लागलो. आई जप करत होती, तिचा दिवा घालवला. ‘‘देवाला अंधारात दिसतं रे,’’ ती म्हणाली, ‘‘मला मणी दिसत नाहीत.’’ तो दिवा नऊ वॉटचा एलईडी होता. एक युनिट खायला त्याला शंभराहून जास्त तास लागले असते. हे मला नंतर मुलीकडून कळलं. तिचा चार्जर उपटल्यावर तिने वहीच काढली. ‘‘बाबा, फोन रोज चार्ज केला तरी वर्षाला सहा-सात युनिट. तुझा गीझर दोन हजार वॉटचा. अर्धा तास तापला की एक युनिट. म्हणजे तुझ्या एका आठवड्याच्या अंघोळीत माझा वर्षभराचा फोन.’’

मी विषय बदलून एसीकडे वळवला. तो २० वरून २४ वर नेला. हा एकच निर्णय त्या महिन्यात अक्कलहुशारीने घेतलेला. एक अंश वर नेला की सहा टक्के वीज वाचते म्हणतात, आणि २०२० पासून नवे स्टारवाले एसी मुळात २४ वरच सुरू होतात.

फ्रिजच्या दाराचं रबर तपासायला मी दहाची नोट दारात अडकवून ओढली. सहज निघाली तर रबर सैल. नोट निघाली नाही, अर्धीच हातात आली. इस्त्री बंद करून चौदा कपडे खालच्या इस्त्रीवाल्याकडे दिले. त्याने दहा रुपये नगाप्रमाणे १४० घेतले. घरी फार तर एक युनिट गेलं असतं. पुढचा आठवडा बायको माझ्याकडे कपड्यांचा हिशेब मागत होती आणि मी पेपर वाचत होतो.

महिनाअखेरीला मीटर २९६ वर पोचलं. मी मेणबत्त्या आणल्या. तेव्हा मुलीने डोक्याला हात लावला : ‘‘अरे, तीनशेच्या वर जातील तेवढ्यांनाच वरचा दर. आधीच्या तीनशेला काही होत नाही!’’ मेणबत्त्यांचे साठ रुपये झाले होते.

पण एवढं करूनही युनिट २९६ पर्यंत जातातच कसे? म्हणून मीटररूम. आमच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा आहे. तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मी खाली, बायको वर, मध्ये फोन.

‘‘सगळं बंद केलंस?’’

‘‘सगळं. फ्रिजसुद्धा. आई उकडून बसल्यात. लवकर आटपा.’’

दिवा गप्प. ‘‘पंखा लाव एक.’’ पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुक, परत पंधरा सेकंदांनी. जुना पंखा, ७५ वॉट, हिशेब तंतोतंत जुळला. डोळे भरून आले. ‘‘आता बंद कर.’’ पुन्हा शांत. मी विजयी मुद्रेने वर निघणार, तेवढ्यात दिवा सुटला! सेकंदाला दोन-दोनदा, विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या ताशासारखा.

‘‘काय लावलंस?’’

‘‘काही नाही लावलं!’’

‘‘अगं, दोन हजार वॉट जातायत!’’

‘‘अहो, तुम्ही नक्की आपल्याच मीटरसमोर आहात ना?’’

चार जिने धावत वर आलो. बाथरूमच्या माळ्यावर गीझर हलकेच कुजबुजत होता. त्याचा स्विच उलटा बसवलेला, आणि त्यातला लाल दिवा दोन वर्षांपूर्वी गेलेला. तेव्हा इलेक्ट्रिशियनने दोनशे रुपये सांगितले होते आणि मी त्याला ‘काटकसर’ या विषयावर दोन शब्द ऐकवून परत पाठवलं होतं. स्विच उलटा आहे हे मला माहीत. आईला नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की मी आठवणीने गीझर बंद करायचो. मागून आई यायची, स्विच खाली दिसला की ‘चालूच ठेवून गेला मेला’ म्हणत आठवणीने वर करायची. मग चोवीस तास तो तापायचा, गार व्हायचा, परत तापायचा.

‘‘पण सकाळी तुमच्या लक्षात नाही आलं, आधीच चालू आहे ते?’’ बायकोने विचारलं.

आलं होतं. रोज यायचं. मला वाटायचं, ही लवकर उठते, माझ्यासाठी गीझर लावून ठेवते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तोंडाने बोलत नाही, पण काळजी आहे.

‘‘मी?’’ ती म्हणाली. ‘‘मी कशाला लावू?’’

दोनशेचे आता साडेतीनशे झालेत, पण स्विच बदलला. पुढचं बिल २५८ युनिटांचं आलं, बायकोने ते फ्रिजवर चिकटवलंय. सकाळी गीझर मात्र माझा मलाच लावावा लागतो.