बाउत्सनची पाटी आणि कोगनोळीचा नाका

जर्मनीत येऊन दीड वर्ष झालं, तरी घरच्या ग्रुपवर एकच तक्रार: हिचे फोटोच धड नसतात. आत्याला आल्प्स पाहिजे, बर्फ पाहिजे. मी टाकला रेल्वे स्टेशनच्या पाटीचा फोटो. त्यावर गावाची दोन नावं, बाउत्सन आणि बुडिशिन. आत्या म्हणाली, "ही काय बघायची वस्तू हाय व्हय?"

हाय. निपाणीच्या पोरीला तरी हाय.

ड्रेस्डेनहून ग्योर्लित्सला जाताना हे स्टेशन लागतं. माझ्या सेमिस्टरच्या फीमध्येच रेल्वेचा पास येतो, पण तो वेगवान गाड्यांना चालत नाही. त्यामुळं माझं सगळं फिरणं गावोगाव थांबणाऱ्या गाड्यांतून, डब्यात बटाट्याची भाजी आणि कालची पोळी घेऊन. (गुंडाळली की तिला रोल म्हणायचं.) बाउत्सनच्या भागात सोर्ब लोक राहतात. सगळे मिळून साठेक हजार. भाषा जर्मन नाही, पोलिश-चेकच्या नात्यातली. पण गावाची पाटी दोन्ही भाषांत, आणि सरकारी कचेरीत आपली भाषा वापरायचा हक्क कायद्यात लिहिलेला.

ती पाटी बघून मला आज्जी आठवली. चाळीस वर्षं विड्या वळल्या, पण मराठी पेपर अक्षर न् अक्षर वाचणारी बाई. अर्ध्या एकराचा उतारा आला की तो माझ्यापुढं धरायची, "ह्यात काय लिवलंय बघ की गं." निपाणी कर्नाटकात, म्हणून उतारा कन्नडमध्ये. जगाच्या बातम्या वाचणारी बाई, स्वतःच्या जमिनीच्या कागदापुढं अडाणी.

आता लगेच "बघा, युरोप किती पुढारलेला" म्हणू नका. नाझींच्या काळात ह्याच सोर्ब भाषेची गळचेपी झाली, आणि पाट्या असूनही आज ती बोलणारे कमीच होत चाललेत. आणि ग्योर्लित्सला गेलं की तर पुढारलेपणाचा हिशेबच समोर येतो. तिथं नाइस नदी आहे. 1945 पर्यंत दोन्ही काठ मिळून एकच गाव. युद्धानंतर नदी हीच सीमा झाली. पलीकडचा भाग पोलंडला गेला, त्याचं नाव झ्गोजेलेत्स. तिथल्या जर्मनांना हाकललं, आणि त्यांच्या जागी जे पोलिश आले त्यांतले कितीतरी स्वतःच पूर्वेकडून उखडलेले. मे 1945 मध्ये उडवलेला जुना पूल पुन्हा उभा राहिला तो थेट 2004 मध्ये. त्याच 2004 मध्ये महाराष्ट्रानं आमच्या सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात दाखल केला. पुलावरून मी चालत गेले. दावा आहे तिथंच आहे.

पुलावर मध्येच फोन वाजला: पोलंडमध्ये आपलं स्वागत. मला हसूच फुटलं. लहानपणी कोल्हापूरला जाताना राज्याच्या हद्दीवरची कोगनोळी सुटली की पप्पा ओरडायचे, "फोन उचलू नको, रोमिंग लागलं!"

पलीकडं पिएरोगी खाल्ले. उकडलेली करंजीच ती, आत बटाटा. परतताना मात्र गणवेशातल्या दोघांनी थांबवलं. माझ्या पुढं कुत्रं घेऊन चाललेली म्हातारी, मागं एक सायकलवाला, दोघं सरळ निघून गेले. पासपोर्ट बघितला तो आमचाच. दोन मिनिटांचं काम, बोलणंही नीट. तरी 2021 मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर, स्वतःच्याच घरी जायला कोरोनाचा रिपोर्ट दाखवताना पोटात जो गोळा आला होता, तोच पुन्हा आला.

"आमचाच" म्हणाले, कारण सोबत माझी रूममेट होती. हुबळीची. 1 नोव्हेंबरला आमच्याकडं काळा दिवस (आम्हाला कर्नाटकात घातल्याचा निषेध), तिच्याकडं राज्योत्सव (कर्नाटकाचा स्थापनादिन). गेल्या वर्षी तिनं सकाळीच लाल-पिवळं स्टेटस ठेवलं, मी काळं. दिवसभर एका ओट्यावर दोघी मुक्यानं भांडी घासतोय. रात्री तिनंच विचारलं, "ऊटा आयता?" शाळेत इतकी वर्षं सक्तीनं कन्नड शिकले आणि हट्टानं एक शब्द कधी बोलले नव्हते. त्या रात्री बोलले, "इन्नू इल्ला." अजून नाही जेवले. तिनं भात वाढला.

ह्याचा अर्थ मी मागणी सोडली असा कुणी काढू नये. उतारा मराठीतही मिळालाच पाहिजे, आणि सुट्टीत घरी असले तर मोर्चालाही जाईन. पण पुण्यात बसून "हाकला सगळ्यांना" असले मेसेज पुढं ढकलणाऱ्या माझ्या चुलतभावाला मला त्या नदीकाठी नेऊन उभं करायचंय. निपाणी कुठल्या जिल्ह्यात येते ते त्याला माहीत नाही, हाकलायची मात्र घाई.

परवा आज्जीला व्हिडिओ कॉलवर तो पूल दाखवला. हा काठ जर्मनी, तो पोलंड, सगळं समजावून सांगितलं. तिनं डोळे बारीक करून निरखलं आणि विचारलं, "टोल किती घेत्यात?"

"टोल न्हाई आज्जी."

"मग जाऊन ये की अजून एकदा."