“उष्णता घ्या, चॅपरोन वाढवा, इम्युनिटी दुप्पट करा” यात काय काय चुकलंय

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. चॅपरोन नावाची प्रोटीन्स आपले इम्यून रिसेप्टर (म्हणजे रोगजंतू ओळखणारी, प्रतिकार पेशींमधली प्रोटीन्स) बनवतात, अंगाला उष्णता मिळाली की चॅपरोन वाढतात, म्हणून रोज सॉना घ्या, रिसेप्टर जास्त बनतील आणि इम्युनिटी दुप्पट होईल, असं त्यात म्हटलंय. अर्धं खरं आहे ना, म्हणूनच माणसं फसतात आणि मला त्याचीच काळजी वाटते.

पहिलं म्हणजे “बनवतात” हा शब्दच चुकीचा. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी, ती बनवतो रायबोसोम हा पेशीतला छोटा कारखाना, आणि तिची घडी शेवटी कशी पडणार हे तिच्यातल्या अमिनो ॲसिडच्या क्रमातच असतं, शास्त्रज्ञ ॲनफिन्सेनना १९७२ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. चॅपरोन म्हणजे पाठराखीण, अर्धवट घडी पडलेल्या साखळ्या भलत्याच ठिकाणी चिकटू नयेत म्हणून सोबत राहते आणि काम झालं की सोडून जाते. बी पेशीवरचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्रतिकार पेशीवरचा) रिसेप्टर घ्या, तो म्हणजे मुळात एक अँटिबॉडीच, जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्या जोडून झालेली. तिच्या जड साखळीचा एक भाग मुद्दाम घडी न पडलेला राहतो, बीआयपी नावाचं चॅपरोन त्याला धरून बसतं, आणि हलकी साखळी येऊन जोडली गेली की मगच सोडतं. हलकी साखळी आलीच नाही तर जड साखळीला बाहेर जाऊ देत नाही, ती पेशीतच मोडीत निघते. मला तर हे चॅपरोनचं सगळ्यात सुंदर काम वाटतं, बनवण्यापेक्षा अडवण्याचं.

उष्णतेचा मुद्दा तर पत्ताच चुकलाय. उष्णतेने मुख्यतः एचएसपी७० सारखी प्रोटीन्स वाढतात आणि त्यांचं काम पेशीद्रवात चालतं. रिसेप्टरची जुळणी होते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्याच पडद्यांनी वेगळ्या केलेल्या कप्प्यात, तिथे बीआयपी, जीआरपी९४, कॅलनेक्सिन ही वेगळी मंडळी आहेत आणि त्यांना वाढायचा मुख्य इशारा मिळतो तो तिथेच बिघडलेल्या घड्या साचल्या की.

आता खरा भाग. जीआरपी९४ नसेल तर टीएलआर४ (जंतूंचे अंश ओळखणाऱ्या टीएलआर गटातला एक रिसेप्टर) पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही, म्हणजे चॅपरोन लागतंच. पण लागतं म्हणजे दुप्पट दिलं की दुप्पट रिसेप्टर असं नाही. टी पेशीचा रिसेप्टर आठ साखळ्यांचा असतो, त्यातली एक जरी कमी पडली तरी बाकीच्या बऱ्याचशा नष्ट केल्या जातात, चॅपरोन कितीही ओता, नसलेली साखळी येणार कुठून?

आणि जास्त म्हणजे चांगलं हे तर सरळ चूक. यूएनसी९३बी१ हे प्रोटीन टीएलआर७ वगैरेंना त्यांच्या जागी नेतं, पाठराखणीचंच काम म्हणा. ते निकामी असलेल्या मुलांना हर्पीसमुळे मेंदूला सूज येते हे २००६ मध्ये समजलं. पण त्याच प्रोटीनमधल्या दुसऱ्या बदलांमुळे टीएलआर७ बेफाम होतो आणि लहान वयातच ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) होतो, हे २०२४ मध्ये समोर आलं. म्हणजे कमी झालं तरी आजार आणि जास्त झालं तरी आजार.

सॉना आवडत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर घ्या. पण ल्युपसच्या पेशंटला हा मेसेज कृपा करून पाठवू नका, त्यांना दिलं जाणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध टीएलआर७ सारख्या रिसेप्टरचे इशारे दाबण्याचंच काम करत असतं.