१६३० साली आधी फौज आली, मग पाऊस गेला

‘युद्धं राजे करत नाहीत, हवामान करतं’ या मथळ्याचा एक लांबलचक मजकूर गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या भाचीने तो इतिहासाच्या प्रकल्पाच्या वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून आता गप्प बसवत नाही. त्यातले दावे थोडक्यात असे. १६३० साली दख्खनेत पाऊस पडला नाही म्हणून युद्ध पेटलं. तो दुष्काळ निव्वळ आस्मानी होता. त्यात कुणाचा दोष नव्हता आणि कुणाला काही करताही आलं नसतं. त्याच दुष्काळातून स्वराज्य जन्मलं. जगातली ऐंशी टक्के युद्धं थंडीच्या काळात झाली. चीनचं मिंग घराणं थंडीने बुडालं, चंगीझखान पावसाने वर आला आणि फ्रेंच राज्यक्रांती आइसलँडच्या ज्वालामुखीने घडवली.

पहिला दावा नुसत्या सनावळीनेच पडतो. जुलै १६२९ मध्ये निजामशाहाने शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव यांचा देवगिरीवर दरबारात खून करवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंडखोर मोगल सरदार खानजहान लोदी आग्र्याहून पळाला आणि निजामशाहीच्या आश्रयाला आला. त्याच्या पाठीवर शहाजहान स्वतः निघाला आणि १ मार्च १६३० ला बऱ्हाणपुरात दाखल झाला. पावसाने दगा दिला तो त्यानंतरच्या जूनमध्ये. म्हणजे मृगाची वाट बघत शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला, तेव्हा मोगल फौजा दख्खनच्या उंबरठ्यावर येऊन तीन महिने झाले होते. कारण नंतर आणि परिणाम आधी, असं कुठे होतं का?

उलट त्या दुष्काळाने युद्ध थांबवलं, तेही एकदा सोडून दोनदा. १६३१ च्या सुरुवातीला मोगल सेनापती आझमखानाने परांड्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि वैरण मिळेना म्हणून उठवला. त्या वर्षाच्या अखेरीस आसफखान मोठी फौज घेऊन विजापुरावर गेला. तिथेही दाणावैरण संपली आणि माघार घ्यावी लागली. परांड्याचा मुलूख शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. देशावर मृगाला बाजरी पेरतात, पण खरी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर, आणि ती पोसते उत्तरा-हस्ताच्या पावसावर. शाळू काढायचा हंगाम माघ-फाल्गुनात. आझमखान परांड्यापुढे बसला तो नेमका याच दिवसांत. पण शिवारात शाळूच नव्हता. शाळू गेला की माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा एकदमच जातात, आणि म्हणून फौज उपाशी पडते तीही एकदमच.

याचा हिशेब करून बघा. दहा हजार घोडा धरा. घोड्याला रोज तीन किलो दाणा म्हणजे ३० टन. वर वैरण आठ किलो धरली तर आणखी ८० टन. लादणीचा बैल साधारण सव्वाशे किलो वाहतो. म्हणजे एका दिवसाच्या दाण्याला २४० बैल आणि वैरणीला ६४०, आणि हे बैलही वाटेत खाणारच. दाणा लांबून आणता येतो. वैरण येत नाही, कारण कडब्याच्या पेंढ्या वजनाला हलक्या आणि जागेला भारी. म्हणून कोणतीही फौज वैरणीसाठी छावणीभोवतीची गावं धुंडाळते. पहिल्या आठवड्यात दोन कोस, मग चार, मग दहा. त्या परिघातल्या गावाचा कडबा गेला की त्याचे बैल मरतात. बैल मेले की पुढच्या वर्षी कितीही चांगला पाऊस झाला तरी औत चालत नाही. एका वर्षाच्या दुष्काळाचा तीन वर्षांचा दुष्काळ असा होतो. शेजारच्या गुजरातेत १६३१ ला पाऊस झालाही, पण अति झाला, वर उंदरांनी उभी पिकं खाल्ली.

आता दुसरा दावा, ज्याची मला खरी चीड आहे. ‘कुणाचाच दोष नव्हता.’

मराठीत आपण दोन शब्द जोडीने वापरतो, आस्मानी आणि सुलतानी. ज्या लोकांनी हे भोगलं त्यांनीच हा फरक करून ठेवला. हा मजकूर लिहिणाऱ्याने त्यातली सुलतानी पुसून टाकली. पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला. नवापूर, नंदुरबार, बऱ्हाणपूर, सिरोंज असा त्याचा रस्ता, आणि त्याची रोजची टिपणं शिल्लक आहेत. गुजरात-खानदेशात त्याने रस्त्याच्या कडेला प्रेतं पाहिली. वाटसरूंच्या घोड्याबैलांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचून खाणारी माणसं पाहिली. पुढे माळव्यात शिरल्यावर त्याला धान्याची ददात नव्हती. आणि वाटेत त्याला धान्य लादलेले वंजाऱ्यांचे तांडे भेटले. माळव्याचं धान्य बऱ्हाणपुराकडे चाललं होतं, बादशाही छावणीसाठी.

मोठ्या तांड्यात चौदा हजार बैल धरले, तर गुणिले सव्वाशे किलो, म्हणजे सुमारे १,७५० टन. माणशी रोज अर्धा किलो धरलं तर ३५,००० माणसं शंभर दिवस जगतील एवढं धान्य, तेही एका तांड्यात. सांगायचं एवढंच की धान्य होतं, ते वाहणारे बैल होते, वाट माहीत असलेले वंजारी होते. धान्य कुठे जायचं हे ठरलं ते पैशाने आणि हुकमाने. नंदुरबारच्या रयतेकडे दोन्ही नव्हतं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. तांडा चालतो तो वाटेवरच्या गवतावर. बैल दिवसाला दोन-तीन कोस चालणार, चरत चालणार. जिथे गवतच करपलं तिथे कितीही भाडं दिलं तरी तांडा शिरत नाही. त्यामुळे खोल दुष्काळी मुलखात बाहेरून धान्य पोचवणं खरोखरच अवघड होतं. रेल्वे येईपर्यंत ही अडचण कुणालाच सुटली नाही. हा भाग आस्मानी. पण बऱ्हाणपूरही त्याच दुष्काळाच्या पट्ट्यात होतं आणि तिथे तांडे पोचत होते.

शहाजहानने काहीच केलं नाही असंही नाही. दरबारी इतिहासकार लाहोरी सांगतो की बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेला लंगर उघडले. बऱ्हाणपुरात वीस सोमवार दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, म्हणजे एक लाख. अहमदाबादेसाठी आणखी पन्नास हजार. खालसा मुलखात, म्हणजे थेट बादशहाच्या वसुलीखालच्या मुलखात, सुमारे सत्तर लाखांचा सारा सोडला, तो एकूण वसुलीच्या अकराव्या हिश्शाएवढा. म्हणजे उरलेले दहा हिस्से मागणीवर कायम. हाच लाहोरी लिहितो की मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळून विकत होते. तो बादशहाचा पगारी माणूस होता, दुष्काळ वाढवून सांगण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

आणि साठे? देशावर धान्य पेवात राही. टणक मुरमात खोल खड्डा, आतून कडब्याचं किंवा पेंढ्याचं अस्तर, तोंड मातीने लिंपलेलं. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने माणूस जागीच मरतो. आधी तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची. अशी व्यवस्था एका खराब सालासाठी पुरेशी होती, कारण ती त्यासाठीच होती. पण छावणी जवळ पडली की पेवं फुटतात आणि गाव परागंदा झालं की पेव कुठे आहे हे सांगणारा उरत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं. ती गोष्ट पावसाची नाहीच. दुष्काळात सरकारी कोठार भरलेलं होतं आणि ते उघडायला कुणाची तरी छाती लागली, अशी ती गोष्ट आहे.

‘दुष्काळातून स्वराज्य जन्मलं’ हा तिसरा दावा. शिवाजी महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६३० चा, दुष्काळ त्याच पावसाळ्यापासून, एवढ्या योगायोगावर हे सगळं उभं केलं आहे. तोरणा हाती आला तो १६४६-४७ च्या सुमारास. मधल्या सोळा वर्षांत १६३३ ला दौलताबाद पडलं, १६३६ ला निजामशाही मोगल आणि आदिलशाहीने वाटून घेतली, शहाजीराजांना माहुली सोडून विजापूरच्या चाकरीत जावं लागलं. ही सोळा वर्षं गाळून दुष्काळाची रेघ थेट तोरण्यापर्यंत ओढता येत नाही. शिवाय पुणं ओसाड झालं ते एकट्या पावसाने नव्हे. त्याच सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ते जाळलं आणि गाढवांचा नांगर फिरवला, ही आठवण पुणेकरांनी अजून जपली आहे.

यात अर्धं खरं आहे ते असं. दुष्काळाने कुळं परागंदा झाली, जमिनी पडीक राहिल्या. अशा मुलखात जो पुन्हा वसायला कौल म्हणजे अभयाचं वचन देतो, पहिल्या वर्षी नाममात्र आणि मग चढत जाणारा सारा म्हणजे इस्तावा लावतो, बैलाबियाण्याला तगाई म्हणजे सरकारी उसनवार देतो, त्याच्या मागे रयत उभी राहते. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत हेच झालं आणि पुढे स्वराज्याच्या मुलकी कारभारातही. पण हे कारभाराचं काम आहे. शेजारचे मुलूखही तेवढेच ओस पडले होते; तिथे स्वराज्य उगवलं नाही.

‘भुकेली माणसं फौजेत जातात’ असंही एक वाक्य मजकुरात आहे. ते थोडक्या टंचाईपुरतं बरोबर आहे. पीक निम्म्यावर आलं की घरातला एक जण बारगीर होतो, घोडा सरकारचा आणि पोट फौजेचं. पण पीक पूर्णच गेलं की घोडे मरतात, पगार देणारा बुडतो आणि माणूस लढायला न जाता वाट फुटेल तिकडे जातो. टंचाई आणि दुष्काळ या दोन गोष्टी एका तागडीत टाकल्या की सगळाच हिशेब चुकतो.

ऐंशी टक्क्यांचा आकडा कुठून आला याचा मजकुरात पत्ता नाही. त्याच्या मागे असलेलं खरं संशोधन मात्र आहे: डेव्हिड झांग आणि सहकाऱ्यांचा २००७ चा निबंध. १४०० ते १९०० या काळात थंड कालखंडांत लढाया वाढलेल्या दिसतात, कारण उत्पन्न घटतं आणि धान्याचे भाव चढतात, असं त्यांचं म्हणणं. ते मी मान्य करतो, पण त्यातल्या आलेखांवर दीर्घ सरासऱ्या आहेत. अमुक साली अमुक राजाने स्वारी का केली हे त्यातून निघत नाही. आणि आपल्याकडे प्रश्न अंशांचा नसून पावसाचा आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याचं नशीब उत्तरा-हस्तावर ठरतं, सरासरी तापमान अर्ध्या अंशाने उतरल्यावर नाही.

मिंग घराण्याचं बघा. १६३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १६४० च्या सुरुवातीला उत्तर चीनमध्ये भयंकर अवर्षण होतं, यात शंका नाही. पण १६१८ पासून मांचूंशी लढण्यासाठी जमिनीवर जादा करपट्ट्या बसवल्या जात होत्या, आणि त्या दुष्काळातही वसूल होत राहिल्या. खर्च वाचवायला सरकारी डाकचौक्या कमी केल्या. तिथून कामावरून गेलेल्यांपैकी एक ली झिचेंग. त्याच्याच बंडखोर फौजेने एप्रिल १६४४ मध्ये बीजिंग घेतलं. मांचू नंतर आले.

त्याच वर्षांत जपानमध्येही थंडी होती, तिथेही १६४१ ते १६४३ मोठा दुष्काळ पडला. तोकुगावा सरकारने तांदळाची दारू गाळण्यावर निर्बंध घातले, शेतात तंबाखू लावायला मनाई केली आणि १६४३ मध्ये शेतजमिनीच्या कायमच्या विक्रीवर बंदी घातली. माणसं तिथेही मेली, पण राज्य टिकलं. हवामान सारखं असून दोन राज्यांचं असं वेगळं का झालं, याचं उत्तर या मजकुराकडे नाही.

चंगीझखानाबद्दल मंगोलियातल्या झाडांच्या वर्तुळांचा अभ्यास आहे, २०१४ चा. १२११ ते १२२५ हा काळ तिथे ओला आणि उबदार होता, गवत भरपूर, म्हणजे घोडे भरपूर. इथवर ठीक. पण टोळ्या एकत्र करून तो खान झाला १२०६ ला, आणि ती एकजूट झाली ती त्याआधीच्या कोरड्या, भांडणाच्या वर्षांत. पावसाने स्वाऱ्यांना बळ दिलं असेल; खान पावसाने केला नाही.

आणि लाकी ज्वालामुखी जून १७८३ मध्ये फुटला. आइसलँडची साधारण पाचवा हिस्सा माणसं त्यात गेली. पॅरिसमध्ये पाव महागला तो जुलै १७८८ च्या गारपिटीने आणि त्या सालच्या पडलेल्या पिकाने, पाच वर्षांनी. राजाचा खजिना रिकामा झाला होता तो युद्धांच्या कर्जाने, आणि वर्गसभा, म्हणजे जिथून राज्यक्रांतीला तोंड फुटलं ती तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलावावी लागली ती त्या रिकाम्या खजिन्यापायी.