जुन्या जपानी डायरेक्ट-ड्राइव्हचा तो फॉरवर्ड आणि आमचा खारा वारा

गेल्या आठवड्यात तोच मेसेज मला चार वेगवेगळ्या लोकांकडून आला, म्हणून आता सविस्तरच लिहितो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या टॉपच्या जपानी डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबलसारखं (म्हणजे बेल्टशिवाय, मोटरच सरळ थाळी फिरवते असा रेकॉर्ड प्लेअर) आज कोणी बनवूच शकत नाही, नवीन महागडी म्हणजे जुनीच मोटर नव्या डब्यात, कागदावरचे आकडे पण तेच, जुनं अर्ध्या किमतीत मिळतं, आयुष्यभर चालतं आणि क्वार्ट्ज लॉक (क्वार्ट्ज घड्याळासारखं स्फटिकाच्या ठोक्याला स्पीड बांधणारं सर्किट) असल्यामुळे स्पीडची चिंताच नाही. देवगडचा एक ओळखीचा मुलगा हे वाचून ॲडव्हान्स द्यायला निघाला होता. माझ्याकडे वेंगुर्ल्याला स्वतःचं जुनं जपानी मशीन आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे, त्यामुळे हे जुन्याच्या विरोधात लिहिलंय असं कृपया समजू नका.

पहिला मुद्दा, "आज कोणी बनवूच शकत नाही." टेक्निक्स या जपानी कंपनीचंच उदाहरण घेऊ, कारण पहिलं डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबल त्यांचंच, १९७० चं एसपी-१०. त्याचा एमके३ आला १९८१ मध्ये, १० किलोची थाळी, टॉर्क (फिरवायची ताकद) १६ किलो-सेंटिमीटर, वाव-फ्लटर (स्पीडचं डळमळणं) ०.०१५ टक्के, रंबल (मशीनची घरघर) ९२ डीबी खाली. प्रचंड मशीन, वादच नाही. पण २०१८ ला आलेल्या एसपी-१०आरचे आकडे बघा: ०.०१५ टक्के आणि ९२ डीबी, थाळी जवळपास आठ किलोची. मग जुन्यात जास्त काय आहे, तर थोडी जड थाळी आणि मुख्य म्हणजे टॉर्क. आणि तो टॉर्क एवढा का दिला होता हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलंच नाही. ही मशीनं रेडिओ स्टेशनसाठी पण होती, तिथे बटण दाबल्यावर पाव सेकंदात पूर्ण स्पीड पाहिजे, नाहीतर निवेदकाचं वाक्य संपलं आणि गाणं अजून रेंगाळत वर चढतंय असं व्हायचं. आपण घरी सुई हाताने ठेवतो, चहाचा कप बाजूला ठेवून बसतो, आपल्याला पाव सेकंद लागला काय आणि पाऊण सेकंद लागला काय.

"तीच मोटर, नवा डबा." हे सरळसरळ चुकीचं आहे. टेक्निक्सच्याच १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या कॉइल आहेत. फिरणारं चुंबक त्या लोखंडाच्या एका दातावरून दुसऱ्यावर जाताना किंचित ओढलं जातं, सुटतं, परत ओढलं जातं, यालाच कॉगिंग म्हणतात. २०१६ च्या एसएल-१२००जी मध्ये कॉइलला लोखंडी गाभाच नाही आणि कॉइलच्या वर-खाली दोन्हीकडे चुंबक आहेत, म्हणजे अडकायला दातच ठेवले नाहीत. कंट्रोलही मायक्रोप्रोसेसरवर. आता प्रामाणिकपणे हेही सांगतो की बिनखाचेची, म्हणजे असे दात नसलेली मोटर हा काही २०१६ चा शोध नाही, सोनीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी तशी मोटर टर्नटेबलमध्ये घातली होती. पण १२००च्या घराण्यात ती नवीन आहे, तेव्हा "तीच मोटर" हे वाक्य टिकत नाही.

आकड्यांचं म्हणाल तर इथे मेसेजवाला अर्धा बरोबर आहे. एमके२ चं वाव-फ्लटर ०.०२५ टक्के आणि जी चं पण ०.०२५ टक्के, रंबलच्या रकान्यात दोन्हीकडे ७८ डीबी. पण हा एक वेटेड (कानाला जास्त जाणवतं त्याला जास्त वजन देऊन काढलेला) आकडा असतो, स्पीड नेमका कुठल्या वेगाने डळमळतोय, सावकाश की बारीक थरथर, ते त्यात दिसत नाही. टॉर्क दीडवरून ३.३ किलो-सेंटिमीटरवर गेला, थाळीवर पितळेचा थर आला आणि ती साडेतीन किलोच्या वर गेली, तेही त्या रकान्यात दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे एमके२ चा तो आकडा फॅक्टरीतून त्या दिवशी बाहेर पडलेल्या मशीनचा आहे, चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुठल्यातरी माळ्यावर पडून आलेल्याचा नाही.

इथूनच "आयुष्यभर चालतं" कडे येतो आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. डायरेक्ट-ड्राइव्हला बेल्ट नाही म्हणून ते अमर आहे असा लोकांचा समज झालाय, पण बेल्टच्या जागी तिथे अख्खं सर्किट बसलंय. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, मोटर चालवणाऱ्या आयसींचं उत्पादन बंद होऊन जमाना झाला, डेनॉनच्या वरच्या मॉडेलांत तर थाळीच्या आतल्या कडेवर चुंबकीय पट्टी असते आणि छोटं हेड ती वाचून स्पीड ठरवतं, ती पट्टी कोणी खराब केली तर नवीन कुठून आणणार? हे सगळं जगभर होतं. आपल्याकडे त्यात खारा वारा आणि चार महिने पाऊस. माझं मशीन दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून आलं, त्याने थाळी न काढताच पॅक केलेलं, सगळं वजन प्रवासभर बेअरिंगवर आपटत आलं. तरी उन्हाळ्यात ठीक चाललं. जूनमध्ये पाऊस लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात नाट्यसंगीताची रेकॉर्ड लावली तर ऑर्गनचा लांब सूर लाटेवरच्या होडीसारखा हलायला लागला, माझे काका पडवीत बसले होते ते तिथूनच ओरडले, "ह्येका काय झाला रे?" उघडून बघितलं तर कनेक्टरवर हिरवट थर, स्पीडचे प्रीसेट (स्पीड जुळवायचे छोटे स्क्रू) गंजलेले, दोन कपॅसिटर फुगलेले. ते सगळं बदलून, बेअरिंग साफ करून, नवीन तेल घालून मशीन आज सुंदर चालतंय. पण सहा महिने गेले त्यात, आणि मी सोल्डरिंग आयर्न हातात धरू शकतो म्हणून सहाच.

"अर्ध्या किमतीत" पण त्याच हिशोबात बघा. एसपी-१० सारखं युनिट म्हणजे नुसती मोटर आणि थाळी, प्लिंथ (ते बसवायचा खालचा डबा) वेगळा, टोनआर्म (सुईची दांडी) वेगळा. जपानच्या घरगुती बाजारातलं असेल तर ते १०० व्होल्टचं, आपल्या २३० ला सरळ लावलं की पॉवर सप्लाय गेला, म्हणजे चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. पावसात लाइट येते-जाते तेव्हा व्होल्टेज कसं उड्या मारतं हे कोकणात कोणाला सांगायला नको, तर स्टॅबिलायझर पण. वर शिपिंग, कस्टम, दुरुस्ती.

क्वार्ट्ज लॉकचं थोडक्यात. क्वार्ट्जमुळे सरासरी स्पीड बरोबर राहतो, एका फेरीच्या आत तो पुढेमागे होत नाही याची हमी त्यात नसते. माझं मशीन हेलकावत होतं तेव्हाही स्ट्रोबचे ठिपके (थाळीच्या कडेवरचे, स्पीड बरोबर असला की दिव्यात थांबलेले दिसतात ते) जवळजवळ स्थिर दिसत होते. आणि गंमत म्हणजे आपण ०.०१५ की ०.०२५ यावर भांडतो, पण रेकॉर्डचं मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तर १० सेंटिमीटरच्या त्रिज्येवर स्पीड अर्धा टक्का वरखाली होतो, म्हणजे ०.०२५ च्या वीसपट. यावर इलाज शोधणारं नाकामिचीचं टीएक्स-१००० ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं, ते स्वतः मोजून रेकॉर्ड सरकवून मध्यावर आणायचं. इथे मात्र मी जुन्यांना मनापासून नमस्कार करतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही पण आपल्या घरांत महत्त्वाची आहे. ज्यांच्याकडे आजोबांच्या ७८ च्या तबकड्या आहेत त्यांनी एसएल-१२०० एमके२ घेऊ नये, त्यात ७८ चा स्पीडच नाही. जुन्या एसपी-१० एमके२ मध्ये आहे, नवीन एसएल-१२००जी मध्ये आहे. सुई मात्र दोन्हीकडे वेगळी, जाड लागते, एलपीची चालणार नाही.

देवगडच्या मुलाला मी एवढंच सांगितलं की ॲडव्हान्स थांबव, आधी मशीन बघू. ते कोल्हापूरला आहे. पुढच्या रविवारी मी त्याच्यासोबत जातोय, ३१५० हर्ट्झच्या टोनची टेस्ट रेकॉर्ड, फोनवर स्पीड मोजायचं ॲप आणि पेचकस घेऊन. मशीन तासभर तापू द्यायचं, मग मोजायचं, मग मालकाने परवानगी दिली तर खालचं झाकण उघडून कपॅसिटर आणि कनेक्टर बघायचे. नाही दिली तर घाट उतरून परत.