कॉफीने झोप उडते, दारू उतरत नाही

गाडी नुकतीच हातात आलेल्या मुलामुलींच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: “दोन बिअरने काही होत नाही. पोटभर खाऊन प्या, तासभर थांबा, वर काळी कॉफी घ्या. वेग चाळीसच्या आत ठेवा. तरुणांचे रिफ्लेक्स तसेही फास्ट असतात, थोडी घेतली की उलट कॉन्फिडन्स येतो. आणि ग्रुपमध्ये ज्याला सर्वांत कमी चढलीय त्याने चालवावी.”

एकेक घेऊ.

“दोन बिअरने काही होत नाही.” कोणत्या दोन? 500 मिलिलिटरच्या, 5 टक्क्यांच्या एका कॅनमध्ये 25 मिलिलिटर अल्कोहोल असते, वजनाने साधारण 20 ग्रॅम. दोन कॅन म्हणजे 40 ग्रॅम. कॅन 8 टक्क्यांचे असतील तर दोनांत 63. हे 40 ग्रॅम 70 किलोच्या पुरुषाने भराभर संपवले, तर ढोबळ हिशेबाने 100 मिलिलिटर रक्तात 80 ते 85 मिलिग्रॅम अल्कोहोल होते. 55 किलोच्या स्त्रीच्या रक्तात 130 च्या आसपास, कारण अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरते आणि तिच्या अंगात वजनाच्या मानानेही पाणी कमी असते. गाडी चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा काही देशांत 20 आहे, काहींत 50, काहींत 80. म्हणजे मेसेजमधले ‘काही होत नाही’ सर्वांत सैल मर्यादेच्याही काठावर बसते. आणि हा हिशेब मापाच्या कॅनचा आहे. अंदाजाने ओतलेल्या पेगचा हिशेब ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही. रात्र चढते तसा त्याचा हात सैल होत जातो.

“पोटभर खाऊन प्या, तासभर थांबा.” यातला पहिला भाग खोटा नाही. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते आणि भरलेले जठर ते खाली सावकाश सोडते. त्यामुळे रक्तातले शिखर थोडे बुटके होते. पण ते पुढेही ढकलले जाते! रिकाम्या पोटी अर्ध्या-पाऊण तासात येणारे शिखर जेवणासोबत तासा-दीड तासाने येऊ शकते. मेसेजमधल्या या दोन सूचना एकमेकींच्याच मुळावर येतात: पोटभर खाल्ले असेल तर तासाभराने तुम्ही उताराला लागलेले नसता, बहुधा अजून चढावरच असता.

उतरण्याचा वेग ठरलेला आहे. यकृत तासाला सुमारे 7 ग्रॅम अल्कोहोल जाळते. रक्तातले प्रमाण तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने घटते, कोणाचे थोडे कमी, कोणाचे थोडे जास्त. जास्त प्यायल्याने यकृत जास्त जोराने काम करत नाही, कारण हे काम करणारे एन्झाइम थोड्याशा अल्कोहोलनेच पूर्ण गुंतून जाते. रांग कितीही लांब असो, खिडकी एकच. 80-85 मिलिग्रॅम शून्यावर यायला साडेपाच तास लागतात, एक नाही.

हाच हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळचाही करून पाहा. 70 किलोच्या मुलाने रात्री 10 ते 1 या वेळात असे चार कॅन घेतले, म्हणजे 80 ग्रॅम. न जळता सगळे रक्तात उतरले असते तर 165 च्या पुढे आकडा गेला असता. सुरुवातीपासून मोजले तर सकाळी 6 पर्यंत आठ तास होतात, त्यात 120 वजा झाले. उरले 45. हा मुलगा झोपून उठलाय, तोंड धुतलेय, त्याच्या लेखी ‘काल रात्रीचे’ संपलेय.

“वर काळी कॉफी.” कॅफीन मेंदूतला झोपेचा निरोप अडवते, अल्कोहोलला हात लावत नाही. परिणाम असा की प्यायलेला माणूस पेंगायचा तो टक्क जागा होतो आणि चावी उचलतो. लिंबू, गार पाण्याची आंघोळ, उलटी, घाम गाळणे यांचेही तेच. 90 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल यकृतातूनच जाते. (पुदिन्याच्या गोळीने तोंडाचा वास झाकतो. तपासणीचे यंत्र मात्र फुप्फुसातून आलेल्या हवेतले अल्कोहोल मोजते.)

“वेग चाळीसच्या आत.” ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. समजा शुद्धीतल्या चालकाला अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत 1 सेकंद लागतो, प्यायलेल्याला दीड. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक 40 च्या वेगाला सुमारे 9 मीटरमध्ये थांबवतात. पहिला चालक एकूण 20 मीटरमध्ये थांबला. दुसऱ्याचे 16 ते 17 मीटर नुसते ‘दिसले’ आणि ‘पाय पडला’ यांच्यामध्येच गेले. जिथे पहिल्याची गाडी उभी राहिली, तिथून दुसऱ्याची ताशी 32 च्या आसपास वेगाने जाते. तिथे माणूस असेल तर त्याला 32 नेच धडकते.

दुचाकीवर तर हा सल्ला उलटाच पडतो. वेग कमी तितका तोल हातांनी सांभाळावा लागतो, हँडलच्या बारीक दुरुस्त्या वाढतात, आणि अल्कोहोल नेमके तोलाच्या इंद्रियावर बसते. आतल्या कानात अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव आणि द्रवात एक जेलीसारखा पडदा. रक्तातले अल्कोहोल आधी पडद्यात शिरते, द्रवात उशिरा. पडदा द्रवापेक्षा हलका होतो, तरंगू पाहतो आणि डोके स्थिर असतानाही मेंदूला कळवतो की आपण फिरतोय. आडवे झाल्यावर खोली गरगरते ती यामुळे. काही तासांनी दोन्हींतले प्रमाण सारखे होते, गरगर थांबते आणि माणूस म्हणतो, उतरली. पुढे पडद्यातून अल्कोहोल आधी निघून जाते, पडदा द्रवापेक्षा जड होतो आणि तोच खेळ उलट्या दिशेने सुरू होतो, बऱ्याचदा सकाळी.

“रिफ्लेक्स फास्ट, कॉन्फिडन्स येतो.” थोडी घेतलेला चालक अधिक सुरक्षित असतो, या समजुतीमागे खरोखर एक अभ्यास आहे. श्वासातले अल्कोहोल मोजणारे ब्रेथलायझर 1954 मध्ये बनवणारे रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अपघात झालेल्या आणि न झालेल्या चालकांची तुलना केली. अहवाल 1964 चा. त्यात अगदी कमी अल्कोहोल असलेल्यांचा धोका शून्यवाल्यांपेक्षा किंचित कमी दिसला. नंतर नेहमी पिणारे आणि क्वचित पिणारे असे गट पाडून तेच आकडे मांडले, तेव्हा ती घट नाहीशी झाली. प्रत्येक गटात अल्कोहोल वाढले तसा धोका वाढतच गेला होता.

तरुणांचे रिफ्लेक्स चपळ असतात हे मान्य. पण ब्रेक कधी मारायचा हे रिफ्लेक्स नाही सांगत. उभ्या बसच्या पुढून कोणीतरी येईल, हा अंदाज सरावाने येतो आणि नव्या चालकाकडे तोच कमी असतो. रक्तात अल्कोहोल तेवढेच असूनही तरुण चालकांचा अपघाताचा धोका वयस्कांपेक्षा जास्त वाढतो.

“ज्याला सर्वांत कमी चढलीय त्याने चालवावी.” हे ठरवणार कोण? एडवर्ड मेलानबी यांनी 1919 मध्ये कुत्र्यांवर दाखवले होते की अल्कोहोलचे प्रमाण तेच असताना, ते चढतानाची अवस्था उतरतानापेक्षा वाईट दिसते. माणसांतही उतरणीला ‘मी ठीक आहे’ ही भावना लवकर परतते. गाडी चालवायला लागणारे कौशल्य तितक्या लवकर परतत नाही. सर्वांत छातीठोकपणे ‘मला काही झालेले नाही’ म्हणणारा नेमका या फटीत सापडलेला असू शकतो.

चालक निघण्याआधी ठरवा, आणि त्याचे माप शून्य. मात्र दारू न घेणे एवढेच पुरेसे नाही. तो सतरा तास जागा असेल तर त्याची अवस्था 50 मिलिग्रॅमवाल्याच्या जवळपास असते. सर्दीच्या जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामाइन, घेतल्या असतील तरी डोळे जड होतात. पाकिटावर झोपेचा इशारा आहे का ते बघा. ठरलेल्या चालकाने ऐनवेळी घेतलीच, तर चावी त्याच्याकडेही नको आणि दुसऱ्या कोणाकडेही नको. परतीच्या दुसऱ्या सोयीचा नंबर फोनमध्ये आधीच टाकून ठेवा, रात्री दीडला तो शोधणे जमत नाही. गाडी तिथेच राहू द्या. आणि ती आणायला सकाळी सहाला जाऊ नका, दुपारी जा.