पाच युरो, ठेवा तुम्हाला

आयुष्यातली पहिली बक्षिसी मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी मिळाली, ग्रीसमध्ये, काताकोलो नावाच्या बंदरावर. पाच युरो. जहाजावर चढायच्या रांगेत, शेपन्नास माणसांदेखत, जहाजावरच भेटलेल्या एका काकांनी माझा हात धरला, तळव्यात घडी केलेली नोट दाबली आणि मुंजीत बटूच्या हातात पाकीट कोंबतात तशी माझी मूठ मिटवली. "छान दाखवलंत हो सगळं. असू द्या, असू द्या."

मी गाईड नाही. मी ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. हे काकांना माहीत होतं. सकाळपासून मी तीनदा सांगितलं होतं.

झालं असं, की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही भूमध्य समुद्रातली क्रूझ घेतली. जहाजवाले प्रत्येक बंदरावर सहली विकतात. काताकोलोहून प्राचीन ऑलिंपिया, म्हणजे ऑलिंपिक खेळांचं मूळ ठिकाण, बघून यायचे त्यांचे दर बघितले आणि दोघांचे मिळून रुपयांत किती होतात हे मोजल्यावर मी ठरवलं की आपण स्वतंत्र जायचं. काताकोलो म्हणजे पाण्याच्या कडेला दुकानांची एक रांग. तिथून पिर्गोसमार्गे थेट ऑलिंपियाला छोटी रेल्वे जाते. मीटरगेज! आता आपल्याकडे जी शोधावी लागते ती. पाऊण तासाचा प्रवास. मग बस कशाला?

बस कशाला, याचं उत्तर असं आहे की जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्हाला उशीर झाला तर जहाज जातं. बायकोला हे मी सांगितलं नव्हतं. तिनं ते यूट्यूबवर शोधून काढलं, आणि धक्क्यावरून पिशव्या सांभाळत पळणाऱ्या माणसांचे व्हिडिओ ती मला चार महिने जेवताना दाखवत होती. शिवाय ही गाडी बंदरात जहाज कधी लागतं ते बघून सुटते, त्यामुळे वेळापत्रकावर विसंबून चालत नाही. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. गाडी चुकली तर काय, दुसरीही चुकली तर काय, टॅक्सीवाला किती मागेल, जहाजाचं घड्याळ आणि गावचं घड्याळ यांत तासाचा फरक पडला तर काय. काका आले तर काय, असा रकाना त्यात नव्हता.

काका मूळचे कराडकडचे, मुक्काम पुणे. पहिल्याच सकाळी नाश्त्याला मी बायकोला "अगं, टोपी घेतलीस का?" म्हणालो आणि मागच्या टेबलावरून आवाज आला, "आपल्यातलेच की!" काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या जहाजावरच थांबणार होत्या. काकांनी माझा तक्ता लक्षपूर्वक वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी आहेच तुमच्याबरोबर." जणू मी एकटा घाबरलो होतो.

काकांच्या मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवर. ते बदलायचं नाही, हा बाणा. "हिवाळ्यात लंडनला असलं तर घड्याळ नुसतं उलटं धरायचं, बरोबर लंडनची वेळ दिसते. साडेपाच तास." ते खरंही आहे. पण आम्ही मे महिन्यात ग्रीसमध्ये होतो, तिथे फरक अडीच तासांचा, आणि अडीच तासांसाठी घड्याळ कसं धरायचं ते काकांना अजून सापडलेलं नव्हतं. मग दर दहा मिनिटांनी ते मलाच विचारत, "किती झाले हो?"

गाडीची तिकिटं मी काढली. तिघांची. "हिशोब नंतर," काका म्हणाले. हे वाक्य इथे नोंदवून ठेवतो.

ऑलिंपियाच्या तिकीट खिडकीवर काकांनी ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड पुढे केलं. पुण्यातलं, लॅमिनेट केलेलं. खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट बघितलं. सवलत युरोपियन युनियनच्या ज्येष्ठांना, आपल्याला नाही. "आपल्या रेल्वेनं २०२० पासून बंद केली," काका मला म्हणाले, "निदान यांनी तरी द्यायला नको?" मागे रांग. मला वाटलं भूकंप व्हावा. ऑलिंपियाला त्याची सवय आहे. झ्यूस या ग्रीक देवाच्या देवळाचे खांब सहाव्या शतकातल्या भूकंपांनी पाडले, आणि त्यांचे भलेथोरले दगडी तुकडे आजही ओळीनं आडवे पडलेत, विळीवर मुळा चिरून ताटात तसाच सोडावा तसे. एकच खांब २००४ साली परत उभा केला. त्याच्या आसपास कुठेतरी माझी बुटाची नाडी सुटली म्हणून मी एका दगडावर पाय टेकवला, तर कर्रर्रकन शिट्टी. पहारेकरी बाई, काळा गॉगल, बोट थेट माझ्याकडे. सगळं ऑलिंपिया माझ्याकडे बघतंय. आणि तिच्या पाठीमागे दहा पावलांवर काका एका प्राचीन दगडावर मांडी घालून डब्यातला डिंकाचा लाडू खात होते. त्यांना कुणी काही बोललं नाही. लाडू संपवून, हात झटकून, ते मला म्हणाले, "दगडांवर पाय देऊ नये हो. देऊळ आहे."

स्टेडियमकडे जाणाऱ्या वाटेवर काही चौथरे उभे आहेत. पूर्वी त्यांवर झ्यूसचे ब्राँझचे पुतळे होते. स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांकडून दंड वसूल करून त्या पैशातून ते उभारायचे, आणि खाली लबाडी कोरून ठेवायची, म्हणजे पुढच्या खेळाडूंना आत जाताना वाचता येईल. इ.स.पू. ३८८ मध्ये युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्यानं प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले, तेव्हापासूनची ही प्रथा. किती उत्तम व्यवस्था. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्यांसाठी मी हेच सुचवलं होतं. पुतळे नकोत, निदान फळा लावा. ठराव पडला.

आणि मग मात्र काकांनी माझी पंचाईत केली. स्टेडियमची धाव एकशे ब्याण्णव मीटर. दोन्ही टोकांना दगडी पट्ट्या आहेत, त्यांत धावपटूंची बोटं रोवायला खाचा. काकांनी वाकून, एका हातानं कंबर धरून, त्या खाचेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "आमच्या गोळेश्वरचा खाशाबा. १९५२. हेलसिंकी." खाशाबा जाधव, कुस्ती. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ब्राँझ, आणि त्याला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. काका लहानपणी त्याला बघायला कराडला गेले होते म्हणे, वडिलांच्या खांद्यावर बसून. मला सगळं ठाऊक होतं, तरी घशाशी काहीतरी आलं. अशा वेळी माणसाचा धड रागही करता येत नाही.

राग परत आला म्युझियममध्ये. देवळातला झ्यूसचा प्रचंड पुतळा घडवणाऱ्या फिडियसची कार्यशाळा इथे सापडली. तिथली एक छोटी काळी सुरई काचेत ठेवलीय. तिच्या बुडावर कोरलंय, 'मी फिडियसची'. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक ज्यानं घडवलं, त्यालाही आपलं भांडं दुसरा उचलून नेईल ही धास्ती. काका तिथे पंचवीस मिनिटं उभे राहिले. "आमच्या हिनं लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर नाव घातलंय," ते एका जपानी जोडप्याला सांगत होते, मराठीत. माझ्या तक्त्यातली सव्वा वाजताची गाडी त्या सुरईपायी गेली.

पुढचा तास मी विसरणार नाही. स्टेशनात आम्ही तिघं आणि ऊन. बायको काही बोलत नव्हती. तिचं न बोलणं मोठ्या आवाजात असतं. बाहेर सावलीत खुर्ची टाकून एक ग्रीक आजोबा बोटांत मणी फिरवत बसलेले. काकांना ती जपमाळ वाटली. ती कोंबोलोई, चाळा म्हणून फिरवतात, जपबिप काही नाही. काकांनी विचारलंच, "कुठला जप?" आजोबा प्रसन्न हसले. मी मध्ये पडलो.

"ट्रेन? काताकोलो? टू थर्टी?"

"ने," आजोबा म्हणाले.

"नाही म्हणतायत," काका.

"काका, ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो."

"हे कसं शक्य आहे?" काकांनी बोटांवर मोजायला घेतलं. "नाही. नको. नो. जर्मन म्हणतो नाइन. रशियन म्हणतो न्येत. अख्ख्या जगात न म्हणजे नकार, आणि एकट्या यांच्यात होकार?"

"यांच्यात नाहीला 'ओही' म्हणतात."

"म्हणजे होय!"

"होय नाही, ओही!"

"तेच म्हणतोय मी. होय नाही."

काका आजोबांकडे वळले आणि हात हलवत, सावकाश, बहिऱ्याशी बोलतात तसे म्हणाले, "ट्रेन. नो?"

"ने, ने!" आजोबा. त्यांना कुणीतरी ट्रेन म्हणालं याचाच आनंद झाला असावा.

"बघा."

मी घाईनं विचारलं, "नो ट्रेन टुडे?" आजोबांनी भुवया उंचावल्या, मान मागे टाकली आणि जीभ टाळूला लावून "च्च" केलं. ग्रीसमध्ये असं केलं की नाही. नाही म्हणजे, 'गाडी नाही' हे नाही? की गाडीच नाही? चार महिने तक्ता करून मी उलटतपासणीचं हे एवढं तंत्र शिकलो नव्हतो.

"च्च तर आपल्याकडेही नाहीच," काकांनी निकाल दिला. "रद्द झालीय गाडी. टॅक्सी बघा तुम्ही."

बघा तुम्ही! मला विनोद वगैरे काही सुचत नाही इथे. प्रत्येक घरात, ऑफिसात, सहलीत एक माणूस बघणारा असतो. व्हिसाची फाइल तो लावतो, झेरॉक्स तो काढतो, गोळ्या त्याच्या बॅगेत. बाकीचे 'तुम्ही न्याल तिकडे' म्हणतात, आणि पोचल्यावर चहा गार आहे म्हणतात. सगळं सुरळीत झालं तर ते आपोआप झालेलं असतं. बिघडलं की सगळ्यांना तुमचं नाव आठवतं.

गाडी आली. दोन पस्तीसला. काकांनी खिडकीची जागा धरली आणि रूळ संपेपर्यंत घोरले. जहाज सुटायला दीड तास बाकी असताना आम्ही धक्क्यावर होतो. बायको म्हणाली, "काका बरोबर होते म्हणून टेन्शन नाही आलं." मी समुद्राकडे बघितलं.

आणि मग ती नोट. दोन हजार वर्षांपूर्वी इथे जिंकणाऱ्याला रानटी ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट मिळे, बाकी काही नाही. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबर्तँना तो हौशी बाणा इतका प्रिय, की त्यांचं हृदय इथे ऑलिंपियातच स्मारकात पुरलंय. आणि त्याच ऑलिंपियाहून परतताना, चार महिने हौसेनं राबलेल्या माझ्या हातात पाच युरो पडून मी धंदेवाईक झालो. बरं, गाडीच्या तिकिटाचे काकांकडून येणं होतं दहा. म्हणजे माझ्याच पैशातले अर्धे त्यांनी मला बक्षीस दिले.

पाचाच्या नोटेवर प्राचीन पद्धतीची एक कमान छापलीय. ते कुठल्याच खऱ्या कमानीचं चित्र नाही. कुठल्याच देशाचा मान-अपमान नको म्हणून चित्रकारानं मनानंच काढली. केबिनमध्ये मी ती न्याहाळत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"उद्या पिरियसच्या बंदरावरून किती वाजता निघायचं?" काका. "आमच्या टेबलावरचे नागपूरचे दोघंही यायचं म्हणतायत. तुमचं फार कौतुक केलं मी."

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि बायकोकडे बघितलं. ती केसांना तेल लावत होती.

"माणशी दहा सांग," ती म्हणाली. "आणि पैसे आधी घे."